टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, हे कसं ठरवावं

बॉनेट उघडायचं, वरचं कव्हर सैल करायचं, टॉर्च मारायचा आणि "अजून चांगला दिसतोय" म्हणून कव्हर परत लावायचं, ही टायमिंग बेल्टच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी सवय आहे. ब्रेक पॅडची जाडी मोजता येते, टायरची नक्षी मोजता येते. बेल्टचं तसं नाही. त्याचा खरा भार रबराच्या आत दडलेले काचतंतूंचे दोर वाहतात आणि ते थकले तरी बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे बेल्ट बदलण्याचा निर्णय मुख्यतः कागदावरच होतो. इंजिन कोणतं, मुदत किती किलोमीटरची आणि किती वर्षांची, मागचा बेल्ट कधी बसवला आणि त्याचा पुरावा काय, एवढं कळलं की तारीख ठरते. डोळ्यांनी केलेल्या तपासणीने ही तारीख अलीकडे आणता येते, पुढे मात्र ढकलता येत नाही.

पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा. हे प्रमाण बेल्ट सांभाळतो आणि त्यात एका दाताचाही फरक चालत नाही. त्याच्यावर काय बेततं याचा हिशेब करून बघा. समजा बेल्टला १४० दाते आहेत आणि क्रँकवरच्या चाकाला २०. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर असताना बेल्ट मिनिटाला साडेतीनशेहून जास्त वेळा पूर्ण फिरतो. प्रत्येक फेरीत त्याचा प्रत्येक इंच कॅमच्या चाकांवर एका बाजूला वाकतो, आयडलरवर, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या चाकावर, उलट्या बाजूला वाकतो आणि वर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचे झटके सोसतो. हे सगळं इंजिनाला चिकटून, गरम बंद डब्यात चालतं.

जुने बेल्ट निओप्रीन रबराचे असत. त्यांच्या पाठीवर आडव्या भेगा लवकर दिसत, त्यामुळे "भेगा पडल्या की बदला" हा सल्ला रूढ झाला. हल्लीचे बहुतेक बेल्ट एचएनबीआर या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचे असतात. त्यांची पाठ शेवटपर्यंत गुळगुळीत राहू शकते आणि दात मुळाशी कमजोर झालेला असतो. सल्ला जुना राहिला, बेल्ट मात्र बदलले.

गाडीला बेल्ट आहे की चेन, आधी हे नक्की करा

बाहेरून दिसणारा, अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट नव्हे. त्याला बोलताना सगळे फॅनबेल्ट म्हणतात. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही, काही गाड्यांत इंजिन तापतं आणि स्टिअरिंग जड होतं. टायमिंग बेल्ट इंजिनाच्या टोकाशी कव्हरच्या आत असतो. जुन्या बिलावर नुसतं "बेल्ट बदलला" असं लिहिलेलं असेल तर तो कुठला बेल्ट, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेकंडहँड गाडीत इथेच फसगत होते.

इंजिनात तीन प्रकार सापडतात: कोरडा बेल्ट, चेन आणि इंजिन ऑइलमध्ये भिजून चालणारा बेल्ट. इंजिनाच्या टोकाला क्लिपा आणि लहान बोल्टांनी लावलेलं प्लॅस्टिकचं कव्हर दिसलं तर आत बहुधा कोरडा बेल्ट असतो. धातूचं, चारही बाजूंनी सीलबंद कव्हर असेल तर आत चेन असेल किंवा ऑइलमधला बेल्ट. या दोघांतला फरक कव्हर बघून ओळखता येत नाही. तो मॅन्युअलच्या देखभाल तक्त्यावरून किंवा इंजिन कोडवरूनच कळतो.

मॉडेलच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. २००३ सालच्या होंडा अकॉर्डचंच बघा: चार सिलिंडरच्या इंजिनाला चेन, सहा सिलिंडरच्या व्ही६ ला बेल्ट. गाडीचं नाव एक, साल एक, पण देखभाल वेगळी. म्हणून आधी इंजिन कोड मिळवा. तो नोंदणीच्या कागदांवर, इंजिनावरच्या पट्टीवर किंवा ब्लॉकवर कोरलेला असतो. मग त्या कोडसाठीचा तक्ता शोधा. चेन निघाली तर ठरावीक मुदतीला बदलण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे वेळेवर ऑइल बदलणं आणि थंड इंजिन सुरू करताना येणाऱ्या खडखडाटाकडे लक्ष ठेवणं, एवढंच काम उरतं.

तुटला तर काय होईल, यावर घाई ठरते

इंजिनं दोन तऱ्हांची असतात. काहींत पिस्टन पूर्ण वर आला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी दोघांत जागा राहते. अशा इंजिनात बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते. नवा बेल्ट घातला, टायमिंग जुळवलं की काम झालं. दुसऱ्या तऱ्हेत तीच जागा दोघं आळीपाळीने वापरतात. बेल्ट तुटला की कॅम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने तिथल्या तिथे अडतो, पण फ्लायव्हील आणि (गाडी गिअरमध्ये असल्याने) रस्त्यावर फिरणारी चाकं क्रँकला फिरवतच राहतात. ३,००० फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला ५० वेळा पिस्टन वर येतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, गाइड फुटतात, कधी पिस्टनला भोक पडतं. मग हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

आजची बहुतेक पेट्रोल इंजिनं आणि जवळपास सगळी डिझेल इंजिनं दुसऱ्या तऱ्हेची आहेत. डिझेलमध्ये दाबाचं प्रमाण इतकं जास्त असतं की पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये मोकळी जागा ठेवायला वावच नसतो. तुमचं इंजिन कुठल्या तऱ्हेचं आहे याची खात्री नसेल तर दुसऱ्या तऱ्हेचं समजून चाला.

पहिल्या तऱ्हेचं असलं तरी निर्धास्त राहू नका. वेगात इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर साठलेल्या निर्वातावर एक-दोन दाबांपुरता साथ देतो आणि नंतर पेडल दगडासारखं लागतं. मधल्या लेनमध्ये हे झालं तर वाकलेल्या व्हॉल्व्हपेक्षा वाईट.

मुदत: किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते

जुन्या इंजिनांसाठी साधारण ६०,००० मैल, म्हणजे ९६,००० किमीच्या आसपासची मुदत सर्रास दिलेली असे. आता ती बहुतेक १,००,००० ते १,६०,००० किमीच्या दरम्यान असते, काही इंजिनांना २,००,००० च्याही पुढे. सोबत वर्षांची मर्यादा असते, पाच ते दहाच्या दरम्यान. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघा. "या कंपनीच्या गाड्यांना एक लाख" असं ऐकीव गणित धरू नका, कारण एकाच कंपनीच्या दोन इंजिनांच्या मुदतीत दुपटीचा फरक असू शकतो.

वर्षांची अट लोक हमखास विसरतात. नऊ वर्षांत ३५,००० किमी चाललेली गाडी बघून "अजून निम्माही वापर झालेला नाही" असं वाटतं. रबर मात्र गाडी उभी असतानाही कडक होत जातं. शिवाय महिनोन्महिने उभ्या गाडीत बेल्टचा तोच तुकडा लहान पुलीभोवती वाकलेल्या अवस्थेत राहतो. मॅन्युअलमध्ये सात वर्षं लिहिलं असेल तर सात वर्षं भरली की बदला, मीटर काहीही दाखवो. वर्षं गाडी बनल्यापासून मोजा. विक्रीआधी वर्षभर गोदामात उभी राहिलेली गाडी कागदावर तरुण दिसते.

मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. आपला वापर साधाच, असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात कठीण वापराच्या व्याख्येत सततची गर्दीतली रहदारी, लहान अंतराच्या फेऱ्या, धूळ, कडक ऊन किंवा कडाक्याची थंडी, जड ओझं ओढणं हे सगळं येतं. तापमानामुळे किती फरक पडतो याचं एक उदाहरण होंडाच्या व्ही६ इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये आहे. गाडी नेहमी ४३ अंश सेल्सिअसच्या वर किंवा उणे २९ च्या खाली चालत असेल तर बेल्ट ६०,००० मैलांना, म्हणजे साधारण १,००,००० किमीला बदला, असं तिथे सांगितलं आहे. हाच बेल्ट साध्या हवामानात याहून बराच जास्त चालतो.

गर्दीतल्या वापरात किलोमीटर फसवे असतात, कारण बेल्ट रस्ता मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. ताशी सरासरी ६० किमीने १,००,००० किमी व्हायला सुमारे १,६७० तास लागतात. ताशी सरासरी २० किमीने तेच अंतर ५,००० तासांचं होतं. मीटरवर आकडा सारखाच, पण दुसरं इंजिन तिप्पट तास चाललेलं आणि त्यातला बराच वेळ हवा न लागता जागेवर तापलेलं. डॅशबोर्डवर सरासरी वेग दिसत असेल तर तो बघा. २५ च्या खाली असेल तर कठीण वापराचा तक्ता धरा. असा तक्ताच नसेल तर दिलेल्या किलोमीटरमधून एक चतुर्थांश वजा करा. हा कुणा कंपनीचा नियम नाही, ठोकताळा आहे, पण सावध बाजूचा आहे.

काही गाड्यांत, उदाहरणार्थ टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत, टायमिंग बेल्टचा वेगळा दिवा असतो. तो बेल्ट तपासत नाही. ठरलेले किलोमीटर झाले की लागतो, बस. बेल्ट बदलल्यावर तो हाताने रीसेट करावा लागतो. बेल्ट न बदलताही कुणी रीसेट करू शकतो आणि वर्षांचा हिशेब तर तो ठेवतच नाही. म्हणून दिवा लागला तर बेल्ट बदला. दिवा बंद असेल तर मात्र त्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

मुदत नेमकी भरेपर्यंत थांबण्यात फायदा फार थोडा आहे. शेवटच्या दहा टक्क्यांत काम उरकून घ्यावं. लांबचा प्रवास ठरला असेल आणि मुदत त्या प्रवासातच संपत असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधी करा. नव्या कामात काही राहिलं असेल, कूलंट गळत असेल किंवा आवाज येत असेल, तर ते घराजवळ लक्षात यायला हवं.

उलट बाजूही सांगायला हवी. १,२०,००० ची मुदत असताना ५०,००० ला "करून टाकू या" म्हणणारं गॅरेज भेटलं तर कारण विचारा. गळती, आवाज किंवा वर्षं यांपैकी काही दाखवता येत नसेल तर घाई करू नका. एक मात्र तपासा: कंपनीने छापील मॅन्युअलनंतर मुदत घटवली आहे का? असं होतं, आणि अशा वेळी गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर असतं.

नोंद नसेल तर

पुरावा नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असंच धरायचं. "आधीच्या मालकाने केलंय म्हणे" हा पुरावा नव्हे. बिलावर तारीख, मीटरचा आकडा आणि सुट्या भागांची यादी हवी. त्यात टेन्शनर (बेल्टचा ताण धरणारी पुली) आणि आयडलर आहेत की फक्त बेल्ट, हेही बघा. कव्हरवर किंवा बॉनेटच्या आत बरेच मेकॅनिक तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावतात. त्याला बिलाची जोड असली तर उत्तम. वरचं कव्हर काढल्यावर बेल्टच्या पाठीवरचा छाप वाचता आला तर त्यात कंपनीचं नाव, भाग क्रमांक आणि अनेकदा उत्पादनाचा कोड सापडतो. दहा वर्षं जुन्या गाडीत गाडीच्याच काळातला बेल्ट दिसला तर प्रश्न मिटला. छाप पुसलेला असेल तर तो नवा नाही, एवढं नक्की.

सेकंडहँड गाडी घेताना पुरावा मिळाला नाही तर बेल्टचा पूर्ण खर्च गाडीच्या किमतीत धरून बोलणी करा आणि गाडी ताब्यात आली की नियमित वापर सुरू करण्याआधी काम उरका.

तारीख अलीकडे आणणाऱ्या गोष्टी

ऑइलची गळती यात सर्वांत वरची. कॅमच्या किंवा क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून झिरपणारं ऑइल बेल्टवर पडलं की रबर फुगून मऊ होतं आणि दात सुटू लागतात. ऑइल लागलेला कोरडा बेल्ट पुसून परत वापरत नाहीत. आधी सील बदलायचं, मग बेल्ट. क्रम उलटा केलात तर नवा बेल्टही जाईल.

दुसरी गळती कूलंटची. पुष्कळ इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंपाचं सील जाऊ लागलं की त्याच्या खालच्या बारीक छिद्रातून कूलंट पाझरतं आणि वाळल्यावर गुलाबी, हिरवा किंवा पांढरट चट्टा उरतो. कव्हरच्या खालच्या कडेला असा चट्टा दिसला आणि कूलंटची पातळी सारखी खाली जात असेल तर थांबू नका. पंपाचं बेअरिंग अडकलं तर कालच बसवलेला बेल्टही तुटेल.

तुटण्याच्या घटनांत बेल्ट स्वतः दोषी असतोच असं नाही. टेन्शनरचं किंवा आयडलरचं बेअरिंग बसतं, पुली थांबते, तिच्यावरून घासत जाणारा बेल्ट वितळतो, आणि दोष मात्र बेल्टवर जातो. म्हणूनच आवाजाकडे लक्ष द्या. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारा घरघराट किंवा शिट्टीसारखा सूर बेअरिंगचा असू शकतो. नुकतंच काम झालेलं असेल तर जास्त ताणलेला बेल्टही तसाच वाजतो. थंड इंजिन सुरू करताना कव्हरच्या आतून फटफट ऐकू आली तर ताण कमी आहे. हायड्रॉलिक टेन्शनरमधलं तेल गळून गेलं की असं होतं. आवाज टायमिंगच्या बाजूचा की बाहेरच्या पट्ट्याचा, हे शोधायला बाहेरचा पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवतात. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कारण काही गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो. आवाज कायम राहिला तर तो टायमिंग कव्हरच्या आतून येत असण्याची शक्यता मोठी.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००१६ ते पी००१९ (P0016–P0019) यांपैकी कोड आला तर क्रँक आणि कॅम यांच्या स्थितीत मेळ नाही, असा त्याचा अर्थ. सेन्सर, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा किंवा कमी ऑइल यांमुळेही हा कोड येतो, पण बेल्ट एखादा दात सरकला असण्याची शक्यता आधी निकालात काढा. कोड पुसून गाडी चालवत राहिलात आणि आणखी दात सरकले तर तुटण्याइतकंच नुकसान होतं. एका दाताचा फरक असताना इंजिन खडबडीत चालतं, ओढ कमी होते, इंधन जास्त लागतं. तेवढ्यात पकडलं तर वाचलात.

कव्हर काढून बघायचं असेल तर

इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अटकाव लावलेला, बॅटरीची ऋण तार सुटी. वरचं कव्हर बहुधा क्लिपा आणि १० मिमीच्या बोल्टांनी लावलेलं असतं. ते काढल्यावर दिसतो तो बेल्टचा थोडासा भाग. तेवढ्यावर मत बनवू नका. पाठीवर खडूने खूण करा, क्रँकच्या पुलीच्या मधल्या बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवा. वर दिलेल्या १४० आणि २० दातांच्या हिशेबाने खूण परत समोर यायला क्रँकचे सात फेरे लागतील. स्पार्क प्लग काढून ठेवले तर फिरवणं सोपं जातं.

फिरवायचं ते इंजिन चालतं त्याच दिशेने. बहुतेक इंजिनं पुलीकडून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. होंडाची बी, डी, एफ आणि एच मालिकेतली जुनी इंजिनं उलट फिरतात. चुकीच्या दिशेने फिरवलं की बेल्टचा ढिलेपणा भलत्या बाजूला जातो आणि दात सरकू शकतो. कॅमच्या बोल्टला पाना लावून इंजिन कधीच फिरवू नका.

काय बघायचं? पाठीवर आडव्या भेगा आहेत का. कडांतून दोरे सुटलेत का. एकच कड झिजली असेल तर पुली किंवा टेन्शनर वाकड्यात आहे आणि नुसता बेल्ट बदलून भागणार नाही. बोटाने कड हलकेच उचलून दाताच्या मुळाशी बघा, चीर सहसा तिथे सुरू होते. दातांवरचं नायलॉनचं कापड झिजून खालचं काळं रबर दिसत असेल किंवा पाठ काचेसारखी चमकत असेल तर बेल्ट संपला. कव्हरच्या आत काळी भुकटी थोडी असतेच. तिचा थर साचला असेल तर काहीतरी घासतंय. टेन्शनरवर काटा आणि खाच असेल तर काटा खाचेच्या मर्यादेत आहे का, ते पाहा. बेल्ट बोटांत धरून ९० अंश पीळ देऊन ताण तपासण्याची पद्धत हाताने ताणायच्या जुन्या टेन्शनरांची होती. आपोआप ताण धरणाऱ्या टेन्शनरवर तिला अर्थ नाही.

वाजणारा पट्टा शांत करायचा स्प्रे, ग्रीस किंवा कसलंही क्लीनर या बेल्टवर मारू नका. यांपैकी एखादी खूण सापडली तर काम आत्ताच काढा. एकही सापडली नाही तर मुदत होती तिथेच आहे.

ऑइलमधला बेल्ट

याचा हिशेब निराळा आहे. हा बेल्ट ऑइल सोसेल अशा रबराचा असतो, पण ते ऑइल ठरवून दिलेल्या मानकाचंच लागतं. चुकीचं ऑइल, लांबवलेली ऑइल बदली किंवा लहान लहान फेऱ्यांमुळे ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल यांमुळे बेल्ट फुगतो, मऊ होतो आणि त्याचा भुगा पडू लागतो. हा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचा दाब घसरतो. म्हणजे बेल्ट तुटायच्या आधीच बेअरिंग आणि टर्बो जाऊ शकतात. इथे ऑइलच्या दाबाचा दिवा क्षणभर लागून गेला तरी ती बेल्टचीही सूचना समजा.

काही इंजिनांत ऑइल भरायच्या तोंडातून बेल्ट दिसतो आणि त्याची रुंदी मोजायचं साधं माप मिळतं. फुगलेला बेल्ट त्या मापात बसत नाही. तेव्हाच्या पीएसए (प्यूजो-सित्रोएन) समूहाच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनांच्या आरंभीच्या आवृत्त्यांसाठी दहा वर्षांची मुदत होती. तक्रारींनंतर ती सहा वर्षं किंवा १,००,००० किमीपर्यंत आणली गेली. मुदत घटते म्हणतात ती अशी. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये ऑइल पंपासाठी ऑइलमध्येच चालणारा वेगळा बेल्ट आहे, तेव्हा काम काढताना दोन्ही बेल्टांचं विचारा.

ऑइलची नोंद नसलेली गाडी आणि ऑइलमधला बेल्ट असा योग असेल तर छापील मुदतीवर विश्वास ठेवू नका. पहिल्या सर्व्हिसला बेल्ट बघून घ्या, संपची (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याची) जाळी तपासा आणि इथून पुढे ऑइल दिलेल्या मुदतीपेक्षा लवकर बदला.

बदलायचं ठरलं की काय काय बदलायचं

या कामात वेळ जातो तो तिथपर्यंत पोहोचण्यात: चाक, माउंटिंग, पुली, कव्हरं. सुटे भाग त्या मानाने स्वस्त असतात. म्हणून फक्त बेल्ट बदलून आतल्या १,००,००० किमी चाललेल्या पुल्या तशाच ठेवणं हा खोटा काटकसरीपणा. बेल्ट, टेन्शनर आणि सगळे आयडलर एका किटमध्ये मिळतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही घ्या, सोबत नवं कूलंट. कॅम आणि क्रँकची पुढची सीलं ओली असतील तर त्याच वेळी. बाहेरचा पट्टा काढलेलाच असतो, जुना असेल तर तोही बदला. क्रँक पुलीचा बोल्ट काही इंजिनांत ताणून बसणारा, एकदाच वापरायचा असतो. मित्सुबिशीच्या ४जी६३ सारख्या इंजिनांत इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा दुसरा छोटा बेल्ट असतो. तो तुटून मोठ्या बेल्टखाली आला तर मोठाही जातो, तेव्हा दोन्ही एकदम बदला.

गॅरेजला काम देण्याआधी एवढं विचारा: कॅम आणि क्रँक अडवून धरायची या इंजिनाची हत्यारं आहेत का? काम झाल्यावर इंजिन हाताने किमान दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, हे बघणार का? ताण थंड इंजिनावर लावणार का? जुने भाग दाखवणार का? "खडूच्या खुणेवर बसवतो, काही होत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. नवा बेल्ट दुमडलेला, पिळलेला किंवा उलटा केलेला नसावा, कारण आतले काचतंतू एकदा मोडले की बेल्ट बसवण्याआधीच अर्धा मेलेला असतो. जुने भाग हातात आले की आयडलर बोटाने फिरवून बघा. खरखर लागली किंवा गिरकी घेतल्यासारखा सैल फिरला तर काम वेळेवर झालं.

बिलावर तारीख, मीटर आणि भाग क्रमांक लिहून घ्या. दिवा असेल तर रीसेट करून घ्या. पहिले काही दिवस कूलंटची पातळी रोज सकाळी, इंजिन थंड असताना बघा. आत अडकलेली हवा निघते तशी ती थोडी उतरते.

चालता चालता इंजिन बंद पडलं तर

स्टार्टर मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा जलद, भुर्रकन फिरतं आणि सुरू होत नाही, असं झालं तर बेल्ट गेल्याचा दाट संशय घ्या. व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नसल्याने दाब धरला जात नाही, म्हणून ते इतकं हलकं फिरतं. दुसऱ्यांदा स्टार्टर मारू नका, धक्का स्टार्टचा तर विचारही नको. पहिल्या आघातातून सुटलेले व्हॉल्व्ह त्याने वाकतात. गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि गाडी ओढून न्या. गॅरेजमध्ये नवा बेल्ट घालून बघण्याआधी प्रत्येक सिलिंडरची गळती तपासायला सांगा. टायमिंग जुळवून, हवा भरून ती कुठून निसटते हे बघितलं की व्हॉल्व्ह वाकलेत की नाही हे हेड न उतरवता कळतं, आणि मग हेड काढायचं की नुसता बेल्ट घालायचा, हे तुम्हाला ठरवता येतं.